नामंजूर साहेब मेमरी बसवतात

विमा कंपनीच्या दावे विभागात त्यांना सगळे ‘नामंजूर साहेब’ म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण त्यांच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. साहेबांना त्याचं वाईट वाटत नसे. दुसऱ्या कुणी पदवी मिरवावी तसं ते हे नाव मिरवत. त्यांच्या कामाची पद्धत साधी होती. समोरच्याच्या नुकसानीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे. स्कूटर जळाली? किल्ली कुठे होती? खिशात? म्हणजे तुम्ही जवळच होतात, मग विझवली का नाहीत? जवळ नव्हतात? मग गाडी बेवारस का सोडलीत? माणूस काहीही बोलो, ते त्याच्याच अंगावर यायचं. वस्तू कशामुळे बिघडली, हा प्रश्न साहेबांच्या टेबलावर कधी आलाच नाही. तिथे एवढंच बघायचं की चूक कुणाची.

ही विद्या कचेरीच्या खुंटीला टांगून घरी यावं, तर तेही नाही. घरी दूध उतू गेलं तरी चौकशी बसायची, आणि चौकशी संपेपर्यंत शेगडी पुसायची सोय नव्हती. पुरावा नष्ट झाला असता.

त्यांच्या बायकोला ठेकेदारापासून सुतारापर्यंत सगळे ‘वहिनी’ म्हणत. वहिनी स्वयंपाकघरांचे नकाशे काढत. ओटा कुठे, बेसिन कुठे, कपाटाचं दार उघडलं की कुणाच्या कपाळावर आदळेल, हे सगळं बसण्याच्या खोलीतल्या कोपऱ्यात, जुन्या कॉम्प्युटरवर. आजवर घरगुती कामंच मिळाली होती. या वेळी पहिल्यांदा मोठं काम दारात आलं होतं, एका इस्पितळाच्या उपाहारगृहाचं अख्खं स्वयंपाकघर. ठेकेदाराने मुदत दिली होती शुक्रवार संध्याकाळी पाचची. शिवाय ठेकेदाराला एक भाचा होता. तो नकाशे काढण्याचा कोर्स नुकताच संपवून रिकामा बसला होता. वहिनींचा नकाशा पाचला पोचला नाही, तर ते काम भाच्याच्या पदरात पडणार हे ठेकेदाराने बोलून दाखवलं नव्हतं, पण दर फोनला तो भाच्याची खुशाली न विचारता सांगत होता.

शुक्रवारी सकाळी नकाशा तयार होता. उरली होती फक्त रंगीत चित्रं, उजेड-सावल्यांसकट. तिथेच कॉम्प्युटर धापा टाकत होता. एक चित्र अर्ध्यावर आलं की पडदा गोठायचा.

“मेमरी कमी पडतेय,” साहेब म्हणाले. “मी नवी आणलीच आहे. जुन्या दोन पट्ट्यांच्या दुप्पट. अर्धी रजा टाकतो आणि दुपारी बसवतो.”

“अहो, आज नको,” वहिनी म्हणाल्या. “हळू का होईना, चालू तरी आहे. उद्या बसवा, परवा बसवा, हवं तर मुहूर्त काढून बसवा.”

“रजा मंजूर झालीय,” साहेब म्हणाले. आयुष्यात मंजूर झालेली एक गोष्ट हाताशी असताना ती ते वाया घालवणार नव्हते.

त्यात दुपारी साडू आला. वहिनींच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दोघे साडू एकमेकांना पाण्यात पाहत, पण बोलताना साखर पेरत. साहेबांनी त्याच्या देखतच कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं, जुन्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि राजाने वतन द्यावं तशा त्याच्या तळहातावर ठेवल्या.

“घ्या. तुमच्या मशीनला अजून दोन-चार वर्षं पुरतील. आम्ही आता या मापाच्या पुढे गेलो.”

साडूने चहा घेतला, पट्ट्या खिशात टाकल्या आणि तो निघून गेला. नवी पट्टी तेव्हा अजून वेष्टनातच होती.

वहिनींनी त्या वेष्टनाकडे बोट दाखवलं. “अहो, नवी चालते का ते बघून मग द्यायच्या होत्या.”

“नवी चालणार नाही तर काय? नवी आहे ती,” साहेब म्हणाले.

मग बसवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. अंगातली वीज पट्टीला लागून ती जळते असं साहेबांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून ते रबरी पायपुसण्यावर उभे राहिले, हातात भांडी घासायचे पिवळे मोजे घातले आणि घरातल्या कुणीही तीन पावलांच्या आत यायचं नाही असा हुकूम काढला. वहिनींच्या सासूबाई खुर्ची तीन पावलं मागे ओढून बसल्या. त्यांना सगळं नीट दिसत होतं आणि ऐकू काहीच येत नव्हतं, त्यामुळे त्या खुशीत होत्या.

साहेबांनी पट्टी दोन बोटांत धरली. बारशाला नवजात बाळ जितक्या हलक्या हाताने उचलतात, तितक्याच हलक्या हाताने त्यांनी ती खाचेत टेकवली. वरून एकदा थोपटली. मागे सरून मान तिरकी करून पाहिलं.

“झालं.”

वीज सुरू केली. आतला पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. आणि डब्यातून एक लांबलचक, रडका आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

“चालू झालं बघ,” साहेब म्हणाले. “बोलतंय.”

“ते बोलत नाहीये, बोंबलतंय,” वहिनी म्हणाल्या.

घड्याळात चार वाजायला आले होते. साहेबांनी वीज बंद केली, पुन्हा सुरू केली. पुन्हा तोच काळा पडदा आणि तोच सूर. मग त्यांनी मोजे काढले, खुर्ची ओढली आणि वहिनींच्या समोर बसले. ती बैठक वहिनी ओळखून होत्या.

“मी झाकण उघडण्याआधी मशीन कुणी बंद केलं होतं?”

“मी.”

“नीट बंद केलं होतंस?”

“अहो, ते सकाळी चालत होतं. तुम्ही झाकण उघडेपर्यंत चालत होतं!”

“मी विचारलं तेवढंच सांग. गेल्या आठवड्यात धूळ कुणी पुसली?”

“मीच पुसली. कोण पुसणार दुसरं?”

“कोरड्या फडक्याने की ओल्या?”

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. ओल्या म्हटलं तर पाणी शिरलं, आणि कोरड्या म्हटलं तर घर्षणाने वीज तयार झाली. दोन्ही निकाल त्यांना आधीच पाठ होते. साहेबांनी मग आईकडे मोर्चा वळवला.

“आई, तू या टेबलापाशी माळ घेऊन बसतेस ना? मोबाईल कुठे ठेवतेस?”

“हो, गेले ना पाहुणे,” सासूबाई म्हणाल्या. “साखर जास्त घेतली त्यांनी.”

“अहो, चूक कुणाची ते नंतर ठरवा,” वहिनी म्हणाल्या. “माझी म्हणा, आईंची म्हणा, शेजारच्यांची म्हणा. आधी हे सुरू कसं होईल ते बघा. जुन्या पट्ट्या परत घालून बघू. त्या चालल्या तर निदान कळेल की बिघाड नव्या पट्टीतच आहे. मी ताईला फोन करते, भावोजी अजून रस्त्यातच असतील.”

साहेबांचा चेहरा असा झाला की जणू बायकोने त्यांना भर रस्त्यात कपडे काढायला सांगितलं.

“त्याच्यापुढे हात पसरू? दिलेलं परत मागू?”

“पाच वाजेपर्यंत उसनं मागा.”

“तो गावभर सांगेल.”

“मी काम घालवून बसले तर मी सांगेन गावभर.”

यावर साहेबांनी तोडगा काढला. तोडगा असा की ते दुकानाच्या मदतकेंद्राला फोन करणार आणि पट्टी सदोष आहे असं त्यांच्याकडून कबूल करून घेणार. दावे विभागात इतकी वर्षं काढलेला माणूस. मदतकेंद्रातली पोरं काय त्यांच्यापुढे टिकणार?

फोन लागला. ‘आपला संवाद नोंदवला जात आहे’ असा आवाज आला आणि साहेबांची पाठ आपोआप ताठ झाली. फोन त्यांनी मोठ्या आवाजावर ठेवला, घरच्यांनाही शिकायला मिळावं म्हणून.

पलीकडे एक बाई होती. आवाज इस्त्री केलेला, एक सुरकुती नाही.

“बोला साहेब, काय अडचण आहे?”

“तुम्ही विकलेली मेमरी सदोष आहे.”

“काही प्रश्न विचारते, चालेल ना? बसवण्याआधी वीज पूर्ण बंद केली होती?”

साहेब चमकले. ही चाल त्यांच्या ओळखीची होती. ते सावरून बसले. “हो.”

“पट्टीवरचा नंबर तुमच्या मशीनला चालणाऱ्या नंबराशी जुळवला होता?”

“हो.”

“पट्टीवरची खाच आणि आतला दात समोरासमोर आले होते?”

“हो.”

इथपर्यंत सगळं खरं होतं. वहिनी उघड्या डब्यात डोकावून पाहत होत्या. पट्टीच्या दोन टोकांना दोन पांढऱ्या खिट्ट्या होत्या. एक जेमतेम मिटली होती. दुसरी ‘या, बसा’ म्हणत असल्यासारखी सताड उघडी होती.

“दोन्ही टोकांच्या खिट्ट्या आपोआप मिटल्या?”

“हो,” साहेब म्हणाले.

वहिनींनी वर पाहिलं.

“मिटताना टक् असा आवाज आला?”

“हो.”

“दोन्ही बाजूंनी?”

“दोन्ही बाजूंनी. अगदी स्पष्ट.”

“ठीक आहे साहेब. पट्टी आमच्याकडे तपासूनच देतो. ती नीट बसलेली आहे, टक् वाजलेलं आहे आणि तरीही मशीन सुरू होत नाही, म्हणजे बिघाड पट्टीचा नाही. मदरबोर्ड गेला. तुमच्याकडचा प्रकार आता बनत नाही, त्यामुळे मशीनच नवीन घ्यावं लागेल. आणखी काही मदत हवी आहे?”

“नको,” साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. शेरास सव्वाशेर भेटला होता. पण ते पडेल दिसत नव्हते, उलट त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. निकाल लागला होता, आणि त्यात त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

“मदरबोर्ड,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “त्याच्या आसपास कधी चहा सांडला होतास का तू?”

वहिनींना हसावं की रडावं कळेना. “अहो, टक् कधी वाजलं?”

“वाजलं.”

“मी इथेच उभी होते. मला नाही ऐकू आलं.”

“तुझं लक्ष नव्हतं.”

“ही खिट्टी बघा. उघडी आहे. डोळ्यांना तर दिसतेय ना? तुम्ही तिला सरळ हो का म्हणालात?”

साहेबांनी खोलीत इकडे-तिकडे पाहिलं, जणू स्पर्धक कंपनीचा माणूस सोफ्याखाली लपला असावा, आणि आवाज खाली आणला. “वेडी आहेस का? पहिलं ‘नाही’ तोंडातून गेलं की दावा मेला. हेच तर मी रोज बघतो. माणसं भोळेपणाने नाही म्हणतात आणि मी तिथेच शिक्का मारतो. विचारणाऱ्याला कधी नाही म्हणायचं नसतं.”

“पण आपण दावा कुठे ठोकलाय? आपण उपाय विचारत होतो!”

“त्यात काय फरक आहे?” साहेबांनी विचारलं.

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. इतकी वर्षं एका छताखाली काढून आज त्यांना या माणसाच्या आतली वायरिंग दिसली होती. डॉक्टरने ‘पोट दुखतं का’ विचारलं, तरी हा सावधगिरी म्हणून भलतंच काहीतरी सांगत असणार. आणि मग डॉक्टर भलत्याच रोगाचं औषध देत असणार. पलीकडच्या त्या बाईची काय चूक? तिने मिळालेल्या उत्तरांवरून बरोबर हिशोब मांडला होता. उत्तरंच खोटी होती.

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. ठेकेदार.

“वहिनी, आठवण केली हो फक्त. पाच म्हणजे पाच. इस्पितळाची माणसं माझ्यासमोर बसलीत. भाचाही इथेच आहे, सहज आला होता.”

“सहजच येतो तो,” वहिनी म्हणाल्या. “पाठवते.”

फोन ठेवला आणि त्यांनी मदतकेंद्राचा नंबर लावला. साहेब उठले. “काय करतेस? तक्रार बंद झालीय. बंद झालेली तक्रार उघडता येत नाही.”

“तुमच्याकडे येत नसेल.”

योगायोग म्हणा की मदतकेंद्रात माणसंच कमी म्हणा, पुन्हा तीच बाई आली. वहिनींनी सांगितलं, “मघाशी आमच्या घरून फोन आला होता, मेमरीचा. तुमचे प्रश्न पहिल्यापासून विचारा. या वेळी मी उत्तरं देते.”

पलीकडे कळफलक खडखडला. मग इस्त्रीच्या आवाजाला पहिली सुरकुती पडली. “बरं ताई. वीज बंद होती?”

“हो.”

“नंबर, खाच?”

“दोन्ही बरोबर.”

“खिट्ट्या मिटल्या?”

“नाही. एक अर्धवट आणि एक सताड उघडी.”

साहेबांनी डोळे मिटून घेतले. धडधडीत ‘नाही’. आणि तेही नोंदवलं जात असताना.

“टक् वाजलं?”

“नाही. नुसतं थोपटलं होतं.”

“थोपटून नाही बसत ताई,” बाई म्हणाली. “आता असं करा. वीज बंद करा, प्लग काढा. आतल्या पत्र्याला एकदा हात लावा, अंगातली वीज उतरते. दोन्ही खिट्ट्या पूर्ण उघडा, पट्टी काढून पुन्हा सरळ धरा, आणि दोन्ही टोकांना अंगठ्यांनी दाबा. जोर लावा. तुटेल असं वाटेपर्यंत लावा, तुटत नाही. लोक इथेच घाबरतात.”

वहिनींनी प्लग काढला आणि बाह्या सारल्या.

“तोडशील!” साहेब ओरडले. “हजार नाजूक गोष्टी असतात त्यात!”

“तुटली तर माझ्या नावावर लिहा. नाहीतरी कुणाच्या तरी नावावर लिहायचंच आहे.”

अंगठे टेकवले. दाबलं. काही नाही. पट्टीखालची हिरवी पाटी किंचित वाकली. हात मागे घ्यावासा वाटला. पाचला दहा-बारा मिनिटं राहिली असतील, आणि हे तुटलं तर नवरा म्हणतो तेच खरं ठरणार होतं, आज आणि यापुढे कायम. त्यांनी ओठ दाबले आणि अंगाचा भार अंगठ्यांवर टाकला.

टक्. आणि लगेच दुसरीकडून, टक्.

“हे मात्र ऐकू आलं हं,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

वीज सुरू केली. पंखा फिरला. रडका सूर आला नाही. पण पडदाही उजळला नाही. सगळे बघत होते. काळं ते काळंच.

“बघ,” साहेब म्हणाले. त्या एका शब्दात दुःखापेक्षा दिलासा जास्त होता. “मदरबोर्ड. मी सांगत होतो.” आणि त्यांनी बटणाकडे हात नेला.

वहिनींनी त्यांचं मनगट धरलं.

“कुणी हात लावू नका,” फोनमधून आवाज आला, जणू बाईला दिसत होतं. “पहिल्या वेळी नवी मेमरी तपासायला वेळ घेतं. मधेच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. थांबा.”

थांबले. साहेबांचं मनगट वहिनींच्या मुठीत होतं आणि ते सोडवून घेण्याचा प्रयत्नही ते करत नव्हते. पडदा एकदा लुकलुकला, विझला, आणि मग उजळला.

वहिनींनी खुर्ची पुढे ओढली. फाइल उघडली. सकाळपासून धापा टाकणारं ते मशीन आता एकेक चित्र भराभर समोर टाकत होतं. ओटे, बेसिनं, भिंतीवर पडलेला खिडकीचा उजेड. तेवढ्यात फोनमधली बाई म्हणाली, “ताई, मघाची तक्रार दुरुस्त करते. कारण काय लिहू?”

“ते हे सांगतील,” वहिनी म्हणाल्या आणि फोन साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी घसा साफ केला. “लिहा, हाताळणीतली तांत्रिक बाब.”

“तसा रकाना नाही साहेब. दोनच आहेत. आमची चूक किंवा तुमची चूक.”

“मग परिस्थितीजन्य लिहा.”

“दोनच आहेत साहेब.”

“तुमच्या माहितीपत्रकात जोर लावा असं कुठे लिहिलंय?”

“पान दुसरं, चित्रासकट. वेष्टनातच असतं. वाचलं होतं का?”

साहेबांचं तोंड ‘हो’ म्हणायला उघडलं. वहिनींनी पडद्यावरून नजर न काढता नुसती एक भुवई उचलली. तोंड मिटलं.

पाचला थोडा अवकाश असताना नकाशे गेले. ठेकेदाराचा फोन तितक्याच झटपट आला. “मिळाले वहिनी. पण भाचा म्हणतोय, मागचं दार उलटं काढलंय तुम्ही. बाहेर उघडतंय.”

“भाच्याला म्हणावं, भटारखान्यात आग लागली की माणसं दाराकडे धावतात. धावणारा माणूस दार ढकलतो, ओढत बसत नाही.”

पलीकडे कुजबुज झाली. इस्पितळाच्या माणसांपैकी कुणीतरी “बरोबर आहे” असं म्हणाल्याचं ऐकू आलं. ठेकेदार परत आला तेव्हा त्याचा आवाज पडला होता. “बरं. सोमवारी या. प्रत्यक्ष मापं घ्यायची आहेत.”

“भाच्याला आणा बरोबर,” वहिनी म्हणाल्या. “टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागेलच.”

फोन ठेवून त्यांनी पाठ टेकली. अंगठ्यांवर पट्टीच्या कडेचे लाल वळ उठले होते. ते त्यांनी एकमेकांवर चोळले. साहेब अजून खिडकीपाशी उभे होते, फोन कानाशी, कपाळावर घाम. त्यांच्या कचेरीत रोज कुणी ना कुणी टेबलाच्या पलीकडे असंच उभं राहत असेल.

“अहो, सांगून टाका ना,” वहिनी म्हणाल्या. “दोन शब्द तर आहेत. कोण मारायला येणार आहे?”

साहेबांनी फोनवर तळहात ठेवला. “नोंदवलं जातं ते,” ते अगदी हळू म्हणाले.

तळहाताखालून तो शांत आवाज तरीही आलाच.

“हो साहेब, जातं. सावकाश सांगा. मी थांबते.”